आधी हवा ठरव, मग केस
भावा, तू गोष्टीसाठी रचलेला हिमग्रहावरचा प्राणी आवडला, पण त्याला केस का दिलेस? आपलं घोंगडं ऊब तयार करत नाही. लोकरीत अडकलेली हवा अंगाची ऊब धरून ठेवते. तेच रंकाळा तलावात भिजवून पांघर, कळेल. पाणी स्थिर हवेपेक्षा जवळपास 25 पट वेगानं उष्णता ओढतं, म्हणून देवमासे चरबीच्या थरावर निभावतात. समुद्री पाणमांजराचे केस मात्र इतके दाट, की बुडी मारली तरी आत हवा टिकते. तुझ्या ग्रहावर पोकळ खवले दे, कातडीवर फेसाळ थर दे, चालेल. फक्त पूर्वजांना ते आधी कशासाठी उपयोगी होतं, ते लिही. पिसंसुद्धा उडण्याच्या आधीची आहेत. पाय उघडे राहू देत. बदकाच्या पायात खाली जाणारं गरम रक्त वर येणाऱ्या थंड रक्ताला ऊब देतं, म्हणून उघड्या पायांतून अंगाची ऊब फारशी वाया जात नाही.