टास्मानियातला महाकाय क्रेफिश आणि ह्युऑन पाइन: आधी कुणाला जपायला हवं?

क्रेफिशला, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या या बेटावरच्या ओढ्यांत राहणाऱ्या, शेवंडासारख्या प्राण्याला. ह्युऑन पाइन या झाडाचा मी वैरी नाही, पण हाच वाद साडूंबरोबर अजून चालू आहे.

साडू मालवणचे. इथे आले तेव्हा त्यांना उत्तर किनाऱ्यावरच्या बर्नी गावापलीकडच्या एका ओढ्यावर नेलं. हात बधिर होईल असं गार पाणी, वर नेच्याच्या झाडांची सावली. कुजक्या ओंडक्याखालून क्रेफिश बाहेर आला. काळपट हिरवा, कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढा, नांग्या पुढे करून. आपल्या शेवंडाला नांग्या नसतात, त्यामुळे साडू आधी दचकून मागे सरले आणि लगेच म्हणाले, "ह्याचा सुका झकास होतला!" १९९८ पासून पकडायला बंदी आहे म्हटलं, तर म्हणे चिंगळं ढिगाने होतात, जपायचं तर मिलिमीटरने वाढणारं झाड जपा.

पाइनचं खोड वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर जाड होतं हे खरं. दोन हजार वर्षांची झाडंही आहेत. पण ब्रिटिशांनी कैद्यांकडून पश्चिम किनाऱ्यावरच्या मॅक्वारी हार्बरला झाडं तोडून घेऊन जहाजं बांधायचे दिवस गेले. आता जिवंत झाडाला हात लावत नाहीत, बहुतेक झाडं राखीव जंगलात आहेत. राजधानी हॉबार्टच्या सालामांका बाजारातले पाइनचे वाडगे जुन्या, पडलेल्या ओंडक्यांचे. आतल्या तेलामुळे ते लाकूड वर्षानुवर्षं कुजत नाही.

आणि ही "चिंगळं"? मादी वयात यायलाच सुमारे १४ वर्षं लागतात, पुढे अंडी दोन वर्षांतून एकदा. ढीग कुठून होणार? पूर्वी पाच-सहा किलोचे सापडत. चोरून पकडणारे आजही आहेत, पण खरा घात गाळाचा. काठाचं जंगल तोडलं की माती ओढ्यात उतरते, सावली जाऊन पाणी तापतं, आणि कुजकं लाकूड, पालापाचोळा हे त्याचं खाणंही जातं. ओढा राखीव जंगलाबाहेर असेल तर त्याला वाली कोण?

हां, वणव्यापुढे पाइन हतबल असतो, तेवढं साडूंचं मान्य. शिवाय पाइन पश्चिमेला-नैऋत्येला, क्रेफिश उत्तरेला, म्हणजे एकाला वाचवलं म्हणून दुसरा मरतो असंही नाही.

तुम्ही उत्तरेला जाणार असाल तर ओढ्यातले ओंडके हलवू नका. आणि बरोबर मालवणी पाहुणे असतील तर त्यांना आधी पोटभर जेवू घाला.