वाचकांचे प्रश्न : बाप्तिस्मा, धर्मपिता आणि चर्चची नोंदवही

या वेळी बाप्तिस्म्याविषयी आलेली पत्रे एकत्र घेतली आहेत. उत्तरे कॅथलिक चर्चच्या नियमांना धरून दिली आहेत. अर्जाचा नमुना, तयारीच्या वर्गाची वेळ अशा गोष्टी प्रत्येक धर्मग्रामात (म्हणजे पॅरिशमध्ये) वेगळ्या असतात, तेवढ्या आपापल्या कार्यालयात विचारून घ्याव्यात.

आमचे बाळ दोन महिन्यांचे आहे. आम्ही नालासोपाऱ्याला राहतो, सासर वसईजवळच्या गावात. तिथला हॉल मे महिन्यात मिळतो आहे. बाप्तिस्मा गावच्या चर्चमध्ये करता येईल का? कागद कोणते लागतील?

करता येईल, पण तुमचे धर्मग्राम आता नालासोपाऱ्याचे आहे. बाळाचा बाप्तिस्मा आईवडिलांच्या धर्मग्रामात व्हावा असा साधारण नियम आहे. त्यामुळे आधी तुमच्या प्रमुख धर्मगुरूंना भेटा, त्यांचे संमतीपत्र घ्या आणि मग गावच्या चर्चमध्ये तारीख ठरवा. बाळाचा जन्मदाखला, तुमचा चर्चमधील विवाहाचा दाखला, भरलेला अर्ज आणि धर्मपिता-धर्ममातेसाठी त्यांच्या धर्मग्रामाचे पत्र एवढे सहसा मागतात. बाप्तिस्म्याआधीच्या तयारीच्या वर्गाला आई-वडील आणि धर्मपालक या सगळ्यांनी बसायचे असते. धर्मपालक दुसऱ्या गावी राहत असतील तर त्यांना आपल्याच धर्मग्रामात हा वर्ग करून तसे पत्र आणता येते का, ते विचारा.

आता हॉलविषयी. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच बाप्तिस्मा करून घ्यावा, असे चर्चचा कायदा सांगतो. आपल्याकडे मात्र हॉल, केटरर आणि आखातातून सुट्टीवर येणारा मामा या तिघांच्या तारखा जुळेपर्यंत बाळ बसायला लागते. हा क्रम उलटा आहे. आधी चर्चची तारीख घ्या, जेवण त्याच दिवशी असलेच पाहिजे असे नाही. शक्य असेल तर रविवारच्या मिस्सेतच (सामुदायिक उपासनेतच) बाप्तिस्मा मागा. ज्या मंडळीत बाळ दाखल होते ती मंडळी समोर बसलेली असणे फार मोलाचे आहे. दुपारी चारला रिकाम्या चर्चमध्ये पंचवीस नातेवाईक आणि दोन कॅमेरे असले, तर तो अनुभव येत नाही.

ईस्टरआधीच्या प्रायश्चित्त काळात बाप्तिस्म्याला बंदी नाही, पण बरीच धर्मग्रामे तो टाळतात आणि मग ईस्टरनंतरच्या रविवारी गर्दी होते. म्हणून एप्रिल-मेची तारीख हवी असेल तर फेब्रुवारीतच कार्यालयात जा.

धर्मपिता म्हणून माझा आतेभाऊ (वय १५), मिस्टरांचे सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, कॅथलिक नसलेले) चर्चचे मित्र आणि माझी शाळेपासूनची हिंदू मैत्रीण यांच्यापैकी कोण चालेल?

आतेभाऊ आज चालणार नाही. वयाची १६ वर्षे पूर्ण हवीत. शिवाय त्याने प्रथम ख्रिस्तशरीर (पहिले कम्युनियन) स्वीकारलेले असावे, त्याचे दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेले असावे आणि श्रद्धेला धरून त्याचे जगणे असावे. बाळाचे आई किंवा वडील स्वतः धर्मपालक होऊ शकत नाहीत. सीएनआयचे मित्र बाप्तिस्मा झालेले ख्रिस्ती असल्याने एका कॅथलिक धर्मपालकासोबत 'साक्षीदार' म्हणून उभे राहू शकतात आणि नोंदवहीत त्यांचे नावही तसेच लिहिले जाते. हिंदू मैत्रिणीला ही भूमिका घेता येत नाही. तिने बाळाला आशीर्वाद द्यायला जरूर यावे, तिला पुढच्या बाकावर बसवा.

दोनच माणसे हवीत असेही नाही. एक धर्मपिता किंवा एक धर्ममाता पुरते. दोघे असतील तर एक पुरुष आणि एक स्त्री. दोन मामा किंवा दोन मावश्या अशी जोडी चालत नाही. निवडलेली व्यक्ती परदेशात अडकली असेल तर तिच्या वतीने प्रतिनिधी उभा करण्याची सोय पुष्कळ ठिकाणी आहे, पण ते आधी लेखी ठरवावे लागते. ऐनवेळी मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून भागत नाही.

मी हिंदू आहे, माझे पती कॅथलिक. आमचे लग्न रजिस्टर पद्धतीने झाले आहे. मुलीचा बाप्तिस्मा होईल का? मला धर्म बदलावा लागेल का?

तुम्हाला धर्म बदलावा लागणार नाही. आई-वडिलांपैकी एकाची संमती असली आणि मूल कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी खरीखुरी आशा असली, तर बाप्तिस्मा देता येतो. चर्चमध्ये लग्न झालेले नाही एवढ्या कारणावरून मुलीला नाकारले जात नाही. धर्मगुरू तुमच्या विवाहाविषयी बोलतील हे मात्र नक्की, आणि ते ऐकून घ्यावे. विधीत मुलीला कडेवर घेऊन तुम्ही उभ्या राहा. श्रद्धेचे प्रश्न विचारले जातात तेव्हा उत्तरे पती आणि धर्मपालक देतील. जे तुम्ही मानत नाही ते म्हणण्याची सक्ती तुमच्यावर नाही.

याच्या उलट प्रकारही घडतो. आई-वडील दोघेही तयार नसताना आजी गुपचूप नातवाला घेऊन येते. असा बाप्तिस्मा देण्याची चर्च परवानगी देत नाही, बाळाच्या जिवाला धोका असेल तेवढाच अपवाद.

त्या दिवशी बरोबर काय न्यायचे? बाळ रडू नये म्हणून काय करावे?

बाळ रडले तरी काही बिघडत नाही. मात्र भुकेले असेल तर विधी आवरता आवरत नाही, म्हणून निघण्याआधी पाजा आणि ढेकर काढा. अगदी दारात पाजून लगेच आडवे धरले की दूध बाहेर येते.

विधी चर्चच्या दारापासून सुरू होतो. बाळाचे नाव काय ठेवले आणि चर्चकडे काय मागता, हे धर्मगुरू विचारतात. 'बाप्तिस्मा' हे उत्तर मोठ्याने द्या. मग धर्मगुरू, आई-वडील आणि धर्मपालक बाळाच्या कपाळावर क्रुसाची खूण करतात. वाचने आणि प्रार्थना झाल्यावर छातीवर तेल लावतात. इथे पहिली अडचण येते. झगा मागून बटणांचा, गळा घट्ट, आत बनियन, आणि सगळे थांबलेले. झगा पुढून उघडणारा शिवा.

सैतानाचा त्याग आणि श्रद्धेची कबुली यांचे प्रश्न आई-वडिलांना आणि धर्मपालकांना असतात. फोटोग्राफर नेमका तेव्हाच 'इकडे बघा' म्हणतो. त्याला आधीच बजावून ठेवा.

पाण्याच्या वेळी टोपी, हेअरबँड, सोन्याची पट्टी सगळे काढलेले हवे. बाळाची मान आणि पाठ हातावर पेलून डोके कुंडावर किंचित खाली आणा, म्हणजे पाणी कपाळाकडून मागे जाते, नाकात जात नाही. त्या सकाळी डोक्याला खोबरेल तेल चोपडू नका. जावळ दाट असेल तर पाणी केसांवरूनच ओघळते, आणि ते त्वचेला लागून वाहणे आवश्यक आहे. थंडीच्या दिवसांत पाणी कोमट करून मिळेल का, हे आधी विचारायला संकोच करू नका.

त्यानंतर टाळूवर क्रिझम लावतात. हे ऑलिव्ह तेल आणि बाल्सम यांचे मिश्रण असते आणि बिशप पवित्र सप्ताहाच्या सुमारास होणाऱ्या मिस्सेत ते वर्षभरासाठी पवित्र करतात. ते लगेच लाळेऱ्याने पुसू नका. फार ओघळले तर स्वच्छ कापसाने टिपा आणि तो कापूस चर्चमध्येच द्या, तिथे तो जाळतात. मग शुभ्र वस्त्र. बाळाला घरूनच पांढरा झगा घालून आणलेला असतो, म्हणून या वेळी घालायला एक पांढरी शाल किंवा छोटे उपरणे वेगळे आणा. शेवटी वडील किंवा धर्मपिता पास्खा (ईस्टरच्या) मेणबत्तीवरून बाळाची मेणबत्ती पेटवतात. पंखा बंद करायला एक माणूस नेमा आणि जाळीच्या नायलॉन झग्यापासून ज्योत हातभर लांब ठेवा.

जुन्या व्हिडिओत फादर 'आम्ही तुला बाप्तिस्मा देतो' असे म्हणाल्याचे ऐकू आले, तर तो बाप्तिस्मा खरा धरायचा का?

नाही. हा प्रश्न काल्पनिक नाही. ६ ऑगस्ट २०२० रोजी व्हॅटिकनने जाहीर केलेल्या उत्तरात 'आम्ही' या शब्दाने दिलेला बाप्तिस्मा अवैध असल्याचे स्पष्ट केले. त्यानंतर अमेरिकेतील डेट्रॉइट धर्मप्रांतातल्या एका तरुण धर्मगुरूने आपल्या लहानपणीचा व्हिडिओ पाहिला, तर त्यात नेमके हेच शब्द होते. म्हणजे त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, म्हणून दृढीकरण नाही आणि गुरुदीक्षाही नाही. त्याला हे सगळे नव्याने घ्यावे लागले आणि त्याच्या हातून झालेल्या किती संस्कारांना बाधा आली, हे धर्मप्रांताला तपासावे लागले.

शब्द असे आहेत : नाव घेऊन, 'मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो.' प्रत्येक नावासरशी पाणी ओतायचे, एकूण तीनदा. जो शब्द म्हणतो त्यानेच पाणी ओतायचे. शब्द एकाचे आणि पाणी दुसऱ्याचे असे चालत नाही. बाप्तिस्मा ख्रिस्त देतो, धर्मगुरू त्याच्या वतीने बोलतो, म्हणून मंडळीच्या नावे 'आम्ही' म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. जवळीक वाटावी म्हणून शब्द बदलण्याची हौस इथे फार महागात पडते.

असा व्हिडिओ हाती आला तर समाजमाध्यमांवर टाकू नका, प्रमुख धर्मगुरूंना दाखवा. खरी शंका असेल तर पूर्वीचा बाप्तिस्मा झाला की नाही हे गृहीत न धरता 'तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर' असे म्हणून सशर्त बाप्तिस्मा देता येतो.

मी रुग्णालयात परिचारिका आहे. नवजात अतिदक्षता विभागात बाळ अत्यवस्थ असते तेव्हा कॅथलिक आई-वडील विचारतात, 'सिस्टर, तुम्ही बाप्तिस्मा द्याल का?' मी देऊ शकते का?

देऊ शकता. जिवाला धोका असेल आणि धर्मगुरू वेळेत पोचणार नसतील तर कोणीही, बाप्तिस्मा न झालेली व्यक्तीसुद्धा, बाप्तिस्मा देऊ शकते. चर्च बाप्तिस्म्याने जे करते तेच करण्याचा हेतू मनात हवा आणि वरचे शब्द अचूक हवेत. पाणी साधे चालते, निर्जंतुक केलेलेही चालते. सलाइन वापरू नका, शंकेला जागा राहते. सुई न लावलेल्या सिरिंजमध्ये चार-पाच मिलिलिटर पाणी घ्या, आयव्ही आणि टेप टाळून कपाळावर किंवा डोक्याच्या उघड्या त्वचेवर तीनदा सोडा. थेंब वाहिला पाहिजे. ओला कापूस नुसता टेकवू नका. नाव ठरलेले नसेल तर नावावाचून शब्द म्हणा. डॉक्टरांची परवानगी आधी घ्या. तेल, मेणबत्ती यांची गरज नाही.

तारीख, वेळ, कोण हजर होते हे कागदावर लिहून आई-वडिलांना द्या. त्यांनी ते धर्मग्रामात कळवायचे म्हणजे नोंद होते. बाळ बरे होऊन घरी आले की राहिलेले विधी चर्चमध्ये होतात : क्रिझम, शुभ्र वस्त्र, मेणबत्ती. पाणी पुन्हा ओतत नाहीत.

आणि बाप्तिस्म्याआधीच बाळ गेले तर? संस्कार जिवंतांसाठी असतात, त्यामुळे मग बाप्तिस्मा देत नाहीत. पण आई-वडिलांची इच्छा बाप्तिस्म्याची होती, तर बिशपांच्या परवानगीने चर्चच्या विधीने अंत्यसंस्कार करता येतो. अशा बाळांना चर्च देवाच्या दयेवर सोपवते. 'बाप्तिस्मा नव्हता, आता काय होणार' असे त्या आईच्या कानावर कोणी घालू नये.

होणारी सून अहिल्यानगरकडची, साल्व्हेशन आर्मीच्या कुटुंबातली. तिचा बाप्तिस्मा पुन्हा करावा लागेल का?

'पुन्हा' नव्हे, पहिल्यांदाच करावा लागेल, अर्थात तिला कॅथलिक व्हायचे असेल तरच. साल्व्हेशन आर्मीत पाण्याचा बाप्तिस्मा देत नाहीत. तिला आपल्याच पंथात राहायचे असेल तर विवाहासाठी बिशपांकडून सवलत घ्यावी लागते, आणि त्यासाठी चार-सहा महिने हाताशी ठेवा. सीएनआय किंवा मेथडिस्ट घरातली मुलगी असती, तर तिथला बाप्तिस्मा पाण्याने आणि त्रैक्याच्या (पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या) नावाने झालेला असल्याने दाखला पुरला असता. फक्त 'येशूच्या नावाने' बाप्तिस्मा देणारे काही गट आहेत, तो मात्र कॅथलिक चर्च वैध धरत नाही.

बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर माझे नाव 'आंतोन', आधारवर 'अँथनी'. कार्यालयात खोडून दुरुस्त करून देतील का?

खोडणार नाहीत, आणि खोडू नयेच. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, आई-वडील, धर्मपालक, संस्कार देणारे धर्मगुरू यांच्या पुढे समासाची जागा सोडलेली असते. पुढे दृढीकरण, विवाह, गुरुदीक्षा हे सगळे त्याच ओळीच्या समासात चढते. म्हणून लग्नाच्या वेळी जुना जपून ठेवलेला दाखला चालत नाही, सहसा सहा महिन्यांच्या आत काढलेला नवा मागतात. त्या समासात विवाहाची नोंद नाही, म्हणजे आधी लग्न झालेले नाही, हे त्यावरून कळते. नावातील बदल धर्मप्रांताच्या कार्यालयाच्या परवानगीने याच समासात टीप म्हणून लिहिला जातो. आधार, जन्मदाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला यांच्या प्रती घेऊन अर्ज करा.

अर्ज करताना बाप्तिस्म्याचे वर्ष आणि चर्च नक्की सांगा. नोंदी जन्मवर्षाच्या नव्हे, बाप्तिस्म्याच्या क्रमाने असतात. डिसेंबरात जन्मलेले मूल पुढच्या वर्षाच्या पानावर सापडते, आणि आईच्या माहेरी बाप्तिस्मा झाला असेल तर नोंद माहेरच्या चर्चमध्येच असते.