गणपतीला गावी जाताना मांजर कोणाच्या भरवशावर?

पहिल्यांदाच मांजरीला घरी ठेवून निघालायस ना? मग माणूस आत्ताच बघून ठेव. गणपती-दिवाळीत सगळेच बाहेर पडतात, ऐनवेळी कोणी मिळत नाही. कुत्र्याला माणूस लागतो, मांजरीला घर. तिला बोर्डिंगमध्ये (पाळीव प्राणी ठेवून घेतात तिथे) ठेवण्यापेक्षा दिवसातून दोनदा घरी येऊन तिचं बघणारा माणूस, म्हणजे सिटर, बरा.

पैशांचं बोलण्याआधी त्याला चहाला बोलव. आल्या आल्या मांजर उचलायला धावला तर माझ्याकडून फुली. खाली बसून तिला हाताचा वास घेऊ देतो, तो आपला माणूस. मग एक दिवस तुझ्यासमोर खाणं आणि लिटर (तिच्या शी-शूच्या वाळूची सफाई) त्यालाच करू दे.

मी एकदा नुसतं "दोन वाट्या खाणं" सांगून गेले. सिटरने घेतली आमटीची वाटी! परत आले तर बोकोबा चांगलेच गरगरीत. तेव्हापासून मापाची वाटी खाण्याच्या डब्यातच असते.

रोजचा फोटो ताटलीचा नको, मांजरीचा माग. बिचकलेली मांजर पलंगाखाली दडून उपाशी राहते आणि दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर यकृतावर बेततं. जाड मांजरींना धोका जास्त. डॉक्टरांचा नंबर, लसीकरणाची फाईल आणि थोडे पैसे फ्रिजवर ठेव. दुसरी किल्ली शेजारी.

हां, आणि फुलदाणीत लिली असेल तर आधी बाहेर काढ. अंगावर पडलेले परागकण चाटले तरी मांजरीच्या किडन्या निकामी होऊ शकतात.