आजोबांची ट्रंक आणि एक सलगम

"मॅडम, नातू आमच्या पुस्तकांकडे ढुंकूनही बघत नाही. मोबाइलने पार वाया गेला का हो?" साठी ओलांडलेले काका सल्ला घ्यायला माझ्यासमोर बसले होते. (तपशील थोडे बदललेत.) आजी-आजोबा हा प्रश्न मला नेहमी विचारतात.

काकांकडे ट्रंकभर रशियन चित्रपुस्तकं. मॉस्कोहून मराठीत छापून यायची, प्रगती आणि रादुगा प्रकाशनाची, चांगल्यापैकी स्वस्त. नातवाचे बाबा त्यांवरच वाढले. १९९१ साली सोव्हिएत संघ संपला आणि ती यायची थांबली, म्हणून काका ती दागिन्यांसारखी जपतात.

मी म्हटलं, नातवाला आणा आणि एक पुस्तकही आणा.

त्यांनी सलगमाची लोककथा आणली: मुळ्यासारखा एक कंद, इतका मोठा की उपटायला एकेक जण येऊन ओढतो. पाच मिनिटांत काका सात वेळा "हळू!" म्हणाले; मी मोजलं. मधे "हा कोण? रंग कुठला? सांग बघू." चार वर्षांचं पोर माझ्या स्टेपलरशी खेळायला लागलं. खरं सांगायचं तर मीही तेच केलं असतं.

मोबाइलचा प्रश्न होताच. जेवताना तो बंद, एवढं घरच्यांशी ठरवलं. पण पुस्तकाचं दुखणं निराळं होतं. पोराला पुस्तक नको नव्हतं, परीक्षा नको होती. शिवाय ज्याला हात लावायचा नाही, ते आपलं कसं वाटणार?

"काका, पानं त्याला उलटू द्या. आणि आज वाचू नका, ओढा." सोफ्यावरची उशी झाली सलगम. आजोबा ओढतात, निघत नाही. मग आजी, नात, कुत्रा, मांजर. काकांचा सदरा धरून नातू मागे लटकला. शेवटी उंदीर आला तेव्हा काका, नातू आणि मी, तिघंही धपकन खाली.

"सलगम म्हणजे काय?" नातवाने विचारलं. काकांनाही ते नीट ठाऊक नव्हतं.

तीन आठवड्यांनी काका एकटेच आले. मंडईत सलगम मिळालं नाही, मुळ्यावर भागवलं. उंदराचं पान फाटलं होतं. काकांनी चिकटपट्टी लावली, नातवाने त्यावर आणखी एक, वाकडी.

"पण मॅडम, रोज रात्री तेच एक पुस्तक! दुसरं काढलं की भोकाड. हे बरं आहे का?"

बरंच आहे, म्हटलं. या वयात पुढे काय येणार ते ठाऊक असण्यातच मजा असते.

काका उठता उठता म्हणाले, "मांजर आलं की तो आधीच उंदराचा आवाज काढतो."