दोनदा फेडलेले बिल

प्रश्न: आदरणीय ताई, मी एकतीस वर्षांची असून एका संस्थेच्या लेखा विभागात सहा वर्षे काम केले आहे. ती संस्था बंद पडल्यामुळे आता नवी नोकरी शोधते आहे. चार ठिकाणांहून मुलाखतीसाठी बोलावणे आले, परंतु निवड कोठेच झाली नाही. माझा मोठा भाऊ माझ्यासाठी खूप कष्ट घेतो. संभाव्य प्रश्नांची उत्तरे तो लिहून देतो आणि मी ती पाठ करते. तरीही समोरच्यांनी उत्तरावर उलटा प्रश्न केला की मी अडखळते. एका पुरवठादाराला एकाच बिलाचे पैसे दोनदा गेले होते, ते मी शोधून काढले होते. तो प्रसंग सांगावा असे मनात आले होते, पण असल्या किरकोळ गोष्टी मुलाखतीत सांगायच्या नसतात, असे भाऊ म्हणतो. समोरच्यावर पडणाऱ्या प्रभावात शब्दांचा वाटा केवळ ७ टक्के असतो, असे मी एका व्हिडिओत ऐकले. तेव्हा कपडे कसे असावेत, हात कोठे ठेवावेत, नजर कशी असावी आणि भीती कशी लपवावी, हे कृपया सांगावे.
— एक वाचक

उत्तर: तुमच्या पत्रात कपडे, हात आणि नजर यांच्याविषयी पुष्कळ मजकूर आहे आणि त्या बिलाविषयी एकच वाक्य आहे. तेही भावाच्या मताखाली दबलेले आहे. मला मात्र तेच वाक्य पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटले, कारण लेखा विभागात तुम्ही स्वतः काय केले हे सांगणारे साऱ्या पत्रातले ते एकमेव वाक्य आहे.

तुमचा भाऊ प्रेमाने कष्ट घेतो हे मला मान्य आहे, तरीही त्याचे कौतुक करण्याची माझी इच्छा नाही. त्याने तुमच्या हातातील सर्वांत चांगली गोष्ट काढून घेतली आणि तिच्या जागी आपली वाक्ये ठेवली. 'मी मेहनती आहे', 'मला जबाबदारी घ्यायला आवडते', 'मी दडपणाखाली उत्तम काम करते' अशी वाक्ये मुलाखत घेणारा माणूस एका दिवसात कितीतरी उमेदवारांच्या तोंडून ऐकतो आणि त्यांपैकी एकही त्याला पडताळून पाहता येत नाही. म्हणूनच तो उलटा प्रश्न विचारतो, आणि तेथे तुम्ही अडखळता, कारण ज्या उत्तरामागचा अनुभव तुमचा नाही त्याच्या पुढचा प्रश्न तुम्हाला पेलणार तरी कसा? हे अडखळणे भित्रेपणाचे लक्षण नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांची निवड आणि प्रशिक्षण या विषयांवर काम करताना एक साधी गोष्ट हेरली. चांगला वैमानिक कसा असतो, असे विचारले तर लोक गुणांची यादी ऐकवतात. पण नेमके काय घडले आणि तेव्हा त्या माणसाने काय केले, असे विचारले तर उपयोगी माहिती मिळते. प्रसंग गोळा करण्याची ही पद्धत त्यांनी १९५४ साली सविस्तर मांडली, आणि 'एखादा अवघड प्रसंग सांगा' हा आजच्या मुलाखतींत हमखास येणारा प्रश्न त्याच विचाराच्या वाटेवरचा आहे. तुमच्याकडे असा प्रसंग तयार असताना तुम्ही गुणांची यादी घेऊन जाता, याचा मला खरोखर त्रास झाला.

आता त्या प्रसंगाकडे लेखापालाच्या नजरेने पाहा. एकच बिल दोनदा नोंदले जाते ते बहुधा अशा वेळी, की एकदा मूळ प्रत येते आणि काही दिवसांनी तिचीच दुसरी प्रत येते, किंवा बिलाचा क्रमांक एकदा '०४५' असा आणि दुसऱ्यांदा नुसता '४५' असा टाकला जातो, त्यामुळे संगणकाला ती दोन वेगळी बिले वाटतात आणि तो इशारा देत नाही. तुमच्या बाबतीत काय झाले होते? तुम्हाला ते बँकेचा ताळमेळ घेताना दिसले, की पुरवठादाराचा खातेउतारा आपल्या लेजरशी, म्हणजे खातेवहीशी, ताडून पाहताना? शंका आल्यावर तुम्ही प्रथम व्हाउचर, म्हणजे पैसे दिल्याचा कागद, काढले, मालाची पोहोच तपासली, की थेट वरिष्ठांकडे गेलात? पैसे परत आले, की पुढच्या बिलातून वळते झाले? आणि पुन्हा असे होऊ नये म्हणून नोंदणीच्या पद्धतीत काही बदल झाला का? मुलाखत घेणारा अनुभवी असेल तर हेच प्रश्न विचारील, आणि यांतील प्रत्येकाचे उत्तर तुम्हाला पाठ न करता येते, कारण तेथे तुम्ही होता, तुमचा भाऊ नव्हता. उत्तर देताना पुरवठादाराचे नाव घेऊ नका आणि चुकीची नोंद कोणी केली होती हेही सांगू नका. जुन्या संस्थेची गोपनीयता पाळणारी व्यक्ती नव्या संस्थेचीही पाळील, हे समोरच्याला आपोआप कळते, आणि ज्याच्या हाती पैशांचे व्यवहार सोपवायचे त्याच्याबाबतीत हे कळणे फार महत्त्वाचे असते.

त्या ७ टक्क्यांविषयीही बोलायला हवे, कारण या आकड्याने अनेक चांगल्या उमेदवारांना आरशासमोर बसवून ठेवले आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या प्रयोगांतून तो आला. सुटे शब्द, ते उच्चारणारा आवाज आणि चेहरा यांतून व्यक्त होणाऱ्या भावना परस्परविरोधी असतील, तर ऐकणारा कशावर विश्वास ठेवतो, हे त्या प्रयोगांत पाहिले होते. विषय आवडीनिवडीच्या भावनांपुरता होता आणि सर्वसाधारण संभाषणाला तो आकडा लावू नये, असे स्वतः मेहराबियन यांनीही सांगितले आहे. पैसे दोनदा कसे गेले हे कोणी विचारले, तर त्याचे उत्तर चेहऱ्यावरून देता येत नाही.

कपडे स्वच्छ, इस्त्री केलेले आणि ज्यांत तुम्हाला मोकळेपणाने बसता येईल असे असावेत. हात मांडीवर ठेवा किंवा टेबलावर, त्याने फरक पडत नाही. भीती लपवण्याच्या खटपटीला लागू नका. संशोधक ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ सालच्या प्रयोगांत, धडधड होत असताना स्वतःला शांत व्हायला सांगणाऱ्यांपेक्षा 'मी उत्साहात आहे' असे स्वतःला सांगणाऱ्यांचे भाषण आणि गायन अधिक चांगले झाले होते. तुम्हालाही ते जमेल, पण बोलण्यासारखे काही स्वतःचे जवळ असेल तरच.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे, की भावाने लिहिलेली सर्व पाने आज त्याला परत करा. नवी पाने घेऊ नका, त्यात दुरुस्ती सुचवू नका, 'या वेळेपुरती' असे म्हणून एखादे उत्तर ठेवूनही घेऊ नका. त्याला वाईट वाटेल आणि ते तुम्हाला सोसावे लागेल. त्यानंतर त्या बिलाचा प्रसंग स्वतःच्या हाताने पानभर लिहून काढा, तो पाठ करू नका, आणि तारखा व रकमा जितक्या आठवतील तितक्या नीट आठवून ठेवा. भावाला मदत करायचीच असेल तर त्याने तुमच्यासमोर बसून त्या प्रसंगावर मनात येतील ते प्रश्न विचारावेत आणि उत्तर कितीही लांबले, अडखळले तरी मध्ये एक शब्दही पुरवू नये. पुढच्या मुलाखतीत अवघड प्रसंगाविषयी विचारणा झाली की तुम्ही दुबार बिलापासूनच बोलायला सुरुवात करा. तसा प्रश्न आलाच नाही, तर 'तुमच्या कामाविषयी सांगा' या पहिल्याच प्रश्नाच्या उत्तरात ते बिल सांगून टाका.