‘झटपट’ क्रिकेट आणि पाच चेंडूंचे ‘षटक’

प्रश्न असा आला आहे: “कसोटी की टी-२० या वादात मराठीत ‘झटपट क्रिकेट’ आणि ‘पारंपरिक क्रिकेट’ हे शब्द सर्रास वापरतात. ‘झटपट’ म्हणण्यात हेटाळणी नाही का? ‘मर्यादित षटकांचे’ म्हणावे, तर इंग्लंडच्या ‘द हंड्रेड’ स्पर्धेत सहा चेंडूंचे षटकच नाही. मग म्हणावे काय? आणि टी-२० सामना ‘ड्रॉ’ झाला, हे बरोबर आहे का?”

‘झटपट’पासून सुरुवात करू. हेटाळणी शब्दात नाही, पण शब्दाच्या सोयऱ्यांत आहे. ‘झटपट आवर’, ‘झटपट होणारा उपमा’ यांत कौतुकच आहे. ‘झटपट श्रीमंत’ म्हटले की भुवई वर जाते. वर्तमानपत्री मथळ्यांत ‘झटपट क्रिकेट’ बहुतेक वेळा साध्या अर्थाने येते, कारण ‘मर्यादित षटकांचे’ एका ओळीत मावत नाही. वादाच्या लेखात मात्र तोच शब्द बाजू घेऊन बसतो. ‘झटपट क्रिकेटमुळे तंत्र बिघडले’ असे लिहिताना निम्मा युक्तिवाद विशेषणानेच उरकलेला असतो.

माझा आक्षेप वेगळा आहे. ‘झटपट’ वेग सांगतो, लांबी सांगत नाही. ७ जून १९७५ रोजी लॉर्ड्सवर पहिल्या विश्वचषकाचा सामना होता. ६० षटके, इंग्लंडच्या ३३४ धावा, आणि सुनील गावस्कर १७४ चेंडूंत नाबाद ३६. सामना मर्यादित षटकांचा होता, यात शंका नाही; पण त्याला झटपट म्हणायला जीभ रेटत नाही. उलट सप्टेंबर-ऑक्टोबर २०२४ च्या कानपूर कसोटीत भारताने बांगलादेशाविरुद्ध ३४.४ षटकांत ९ बाद २८५ वर डाव घोषित केला. कसोटीच, पण ही फलंदाजी झटपट नाही तर काय? म्हणून ‘झटपट’ हे खेळीचे विशेषण ठेवावे, खेळाच्या प्रकाराचे नाव करू नये.

३४.४ चा उल्लेख झालाच आहे तर जाता जाता एक सूचना. हा दशांश नव्हे. ३४ षटके आणि ४ चेंडू. त्यामुळे ३४.५ ला ‘साडेचौतीस षटके’ म्हणणे चूक, साडेचौतीस म्हणजे ३४.३. धावगती काढतानाही आधी चार चेंडूंचे चार षष्ठांश करून घ्यावे लागतात: २८५ भागिले ३४.६७, म्हणजे ८.२२. थेट ३४.४ ने भागले तर ८.२८ येते आणि गणित करणारा बुचकळ्यात पडतो. ‘सव्वा षटक’ तर होऊच शकत नाही, दीड चेंडू कोण टाकणार?

आता ‘षटक’. मूळ संस्कृत ‘षट्क’, सहांचा समूह. पंचक, अष्टक, शतक यांच्याच कुळातला. इंग्रजी ‘ओव्हर’मध्ये आकडा नाही, पंचाने गोलंदाजाचा हप्ता संपल्याची दिलेली हाक तेवढी आहे. मराठीने ‘ओव्हर’चा अर्थ न घेता तेव्हाच्या नियमातला आकडा घेतला. शब्द नेटका झाला, पण नियमाला बांधला गेला. इंग्लंडमध्ये आधी चार चेंडूंची, १८८९ पासून पाच आणि १९०० पासून सहा चेंडूंची ओव्हर होती. ऑस्ट्रेलियात १९७८-७९ च्या हंगामापर्यंत आठ चेंडूंची होती. गंमत पुढे आहे. ५ जानेवारी १९७१ रोजी मेलबर्नला झालेला पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना ४० ओव्हरचा होता आणि प्रत्येक ओव्हर आठ चेंडूंची. म्हणजे डावाला ३२० चेंडू, आजच्या ५० षटकांपेक्षा २० जास्त. मर्यादित षटकांच्या पहिल्याच आंतरराष्ट्रीय सामन्यात शब्दार्थाने एकही षटक नव्हते, होती ती अष्टके! (‘अष्टक’ रूढ झाले नाही हे बरेच. मंगलाष्टकांमुळे समालोचनाला लग्नघरची कळा आली असती.)

तरीही त्या सामन्याबद्दल लिहिताना ‘आठ चेंडूंची ४० षटके’ असेच लिहावे. वापराने ‘षटक’मधला सहा पातळ झाला आहे. आजही षटकात टाकलेले चेंडू सहाच असतात असे नाही; सहा मोजतात ते वैध चेंडू. नोव्हेंबर २०२२ मध्ये विजय हजारे स्पर्धेत महाराष्ट्राच्या ऋतुराज गायकवाडने उत्तर प्रदेशाविरुद्ध एकाच षटकात सात षटकार मारले, कारण त्यात एक नोबॉल, म्हणजे सहांत न मोजला जाणारा अवैध चेंडू, होता. ‘षटकात षटकार’ हा घोटाळा नव्या समालोचकांची जीभ नेहमी अडकवतो: षटक चेंडूंचे, षटकार धावांचा. आणि सहा चेंडूंत सहा षटकार हे टी-२० चेच देणे, असे समजणाऱ्यांसाठी: रवी शास्त्रीने ते १९८५ मध्ये वानखेडेवर रणजी सामन्यात मारले होते.

‘द हंड्रेड’ची अडचण मात्र खरी आहे. २०२१ साली सुरू झालेल्या त्या स्पर्धेच्या मूळ आराखड्यात डावाला १०० चेंडू, गोलंदाज सलग पाच किंवा दहा टाकणार, एका गोलंदाजाला कमाल २०, आणि खेळपट्टीचे टोक, जिथून गोलंदाजी होते ते, बदलणार दर दहा चेंडूंनंतर. म्हणजे ओव्हर जी दोन कामे एकदम करते, गोलंदाज बदलणे आणि टोक बदलणे, ती तिथे वेगळी केली. त्यामुळे पाचाच्या गटाला ‘षटक’ म्हणणे दोन्ही अंगांनी चूक ठरते. ‘पंचक’ व्याकरणाने निर्दोष. पण धनिष्ठा ते रेवती या नक्षत्रांचे पंचक घरोघरी माहीत असल्याने ‘बुमराने पंचक लावले’ हे कुणालाच आवडणार नाही. ‘पाच चेंडूंचा संच’ म्हणावे. प्रकाराचे नाव ‘शंभर चेंडूंचे क्रिकेट’, आणि टी-१० पासून ५० षटकांपर्यंत सगळ्यांना मिळून ‘मर्यादित षटकांचे’.

‘पारंपरिक’ मला पटत नाही. कोणती परंपरा? १९३९ साली डरबनची कसोटी वेळेच्या मर्यादेविना खेळवली गेली. ३ ते १४ मार्च चालली आणि ६९६ चा पाठलाग करणारा इंग्लंडचा संघ ५ बाद ६५४ वर असताना थांबली, कारण त्यांची परतीची बोट सुटणार होती. त्या मापाने आजची पाच दिवसांची, रोज ९० षटकांची कसोटीही मर्यादितच. सरळ ‘कसोटी’ म्हणावे, रणजीसह बोलायचे तर ‘प्रथम श्रेणी’. ‘कसोटी’ हा तर भाषांतरातला दुर्मीळ योग आहे. कसोटी म्हणजे सोने घासून कस पाहण्याचा काळा दगड. इंग्रजी ‘टेस्ट’ही मुळात धातूचा कस पाहण्याच्या मुशीवरून आला. दोन्ही शब्द सोनाराच्या दुकानातले.

राहिला ‘ड्रॉ’. टी-२० सामना ड्रॉ होऊच शकत नाही. दोघांच्या धावा सारख्या झाल्या तर ‘बरोबरी’, म्हणजे टाय. पावसामुळे निकालच लागला नाही तर ‘निकाल नाही’ किंवा ‘रद्द’. ‘अनिर्णित’ फक्त तिथे, जिथे वेळ संपते आणि डाव उरतो. त्याच्याबरोबर येणारी क्रियापदेही पाहा: सामना अनिर्णित ‘राहिला’ हा नुसता वृत्तांत, अनिर्णित ‘राखला’ म्हटले की शेत राखल्यासारखी जागल आली. जानेवारी २०२१ मध्ये सिडनीच्या कसोटीत भारताच्या विहारी आणि अश्विन यांनी शेवटपर्यंत नाबाद राहून सामना राखला, तो राहिला नव्हता.

कसोटीत बरोबरी आजवर दोनदाच झाली: ब्रिस्बेन १९६० आणि चेन्नई १९८६. नोव्हेंबर २०११ ची वानखेडेवरची भारत-वेस्ट इंडीज कसोटी त्यांत धरत नाहीत. दोन्ही डाव मिळून दोघांच्याही ७२४ धावा. शेवटच्या चेंडूवर भारताला विजयासाठी दोन हव्या होत्या, एक झाली, दुसरीसाठी धावताना अश्विन धावबाद झाला. पण भारत ९ बाद २४२ होता, एक गडी शिल्लक होता, डाव पुरा झालेला नव्हता. त्यामुळे धावा बरोबरीत, सामना अनिर्णित.