शेजारी विचारतात, मुलगी नाल्याजवळ काय करते?

पत्र : मॅडम, आम्ही इंदूरचे, सुदामा नगर. मुलगी बारावीला, मॅथ्स आहे. अकरावीत ७१ टक्के. हुशार आहे, पण डोक्यात खूळ शिरलंय की 'शहराचं प्लॅनिंग' शिकायचं. महापौरांच्या बजेट भाषणातले प्राधान्यक्रम पेपरात आले होते, ते कात्रण वहीत चिकटवून समासात काय काय लिहिलंय. पावसाळ्यात छत्री घेऊन कॉलनीतल्या चेंबरांचे फोटो काढत फिरली. शेजारी विचारतात, मुलगी नाल्याजवळ काय करते? माझं म्हणणं सरळ आहे. शहर सुधारायचंय ना, मग आयएएस हो, निगम (महापालिका) आयुक्त हो, मग कर काय ते. दिल्लीत तीन वर्षांचा फाउंडेशन क्लास बघितलाय, सोबत बी.ए. होईल. टोकनही दिलंय. तिचे उद्योग कळावेत म्हणून वहीच्या दोन पानांची झेरॉक्स जोडतो. कृपया तिला समजवा.

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र एकदा वाचलं आणि ती दोन पानं चार वेळा. मुलीची तक्रार म्हणून तुम्ही ती जोडलीत. मला मात्र कित्येक महिन्यांत एवढं चांगलं काही टपालात आलेलं नाही.

आधी कात्रणाचं पान. महापौरांचे प्राधान्यक्रम छापलेत तसेच आहेत : पाणी, ड्रेनेज, वाहतूक, नवे रस्ते. प्रत्येकासमोर तुमच्या लेकीने पेन्सिलीने एकेक प्रश्न लिहिलाय. पाण्यासमोर 'विजेचं बिल किती?' ड्रेनेजसमोर 'पावसाचं पाणी वेगळं की एकत्र?' वाहतुकीसमोर 'बीआरटीएस काढल्यावर बसमधली माणसं कशी जाणार?' (बीआरटीएस म्हणजे रस्त्यात फक्त बससाठी राखलेली मार्गिका.) आणि नव्या रस्त्यासमोर फक्त दोन शब्द : 'कोणाची घरं?'

यातला पहिलाच प्रश्न घ्या. पाण्याच्या बातमीत विजेचं बिल शोधणारी मुलगी सतरा वर्षांची आहे, हे मला पुन्हा पुन्हा स्वतःला सांगावं लागलं. नर्मदेचं पाणी इंदुरात आपोआप उतरत नाही. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, घाट चढवून, पंपांनी ते वर आणावं लागतं. १९७० मध्ये या पाण्यासाठी शहर रस्त्यावर आलं आणि १९७८ मध्ये पाणी पोहोचलं. तेव्हापासून आपली तहान विजेच्या बिलाला बांधलेली आहे. म्हणून तर फेब्रुवारी २०२३ मध्ये निगमाने २४४ कोटींचे हरित रोखे बाजारात आणले, लोकांकडून पैसा उभा केला, तो जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प घालण्यासाठी. पाणी आणि वीज भाषणात दोन वेगळे मुद्दे असतात, हिशेबाच्या वहीत मात्र ते एकाच पानावर येतात. ते पान कुणीही न दाखवता तिला सापडलं. याला तुम्ही खूळ म्हणता?

आता दुसरं पान, तिने काढलेला नकाशा. तुमच्या गल्लीतली प्रत्येक चेंबर, कुठे किती वाजता पाणी तुंबलं, किती वेळाने उतरलं. आणि अकरा घरांवर लाल खूण : या घरांच्या गच्चीचा पावसाळी पाइप थेट ड्रेनेजला जोडलेला आहे. तुंबण्याचं कारण तिने बरोबर पकडलंय. सांडपाण्याची नळी घरातल्या मोरी-संडासाच्या पाण्याच्या हिशेबाने घातलेली असते. जोराच्या सरीत अकरा गच्च्यांचं पाणी त्याच नळीत शिरलं, की सर्वात खालच्या घराच्या चेंबरमधून मैला वर येतो. लोक म्हणतात निगमाने सफाई केली नाही. दोष पुष्कळदा आपल्याच गच्चीवरून खाली आलेला असतो. त्या अकरांपैकी एका घराला तिने लाल खुणेशेजारी 'आपलं' असं लिहिलंय. झेरॉक्स काढताना ते तुमच्या नजरेतून सुटलं की त्याचाच राग आला, हे मला पत्रावरून कळलं नाही. मला तिचा अभिमान वाटला, कारण स्वतःचं घर वगळून नकाशा काढणं फार सोपं होतं.

आता मला खरी टोचलेली गोष्ट. ७१ टक्क्यांनी मला काळजी वाटली नाही. 'शेजारी विचारतात' याने वाटली. पत्रात हे वाक्य आलंय, आणि लेकीचं स्वतःचं एकही वाक्य नाही. तिला काय वाटतं ते तुम्ही लिहिलंय, ती काय म्हणाली ते कुठेच नाही. तिच्याबद्दलचा निर्णय झालाय, टोकन भरून झालंय, आणि माझ्याकडे फक्त शिक्का मारायला पाठवलंय. मी तो मारणार नाही.

२०१७ पासून देशातल्या स्वच्छ शहरांच्या यादीत आपलं नाव सगळ्यात वर आहे. पाहुणे आले की सराफ्यात खायला नेताना आपण तेच आधी सांगतो. तो क्रमांक आला कुठून? पहाटे झाडू मारणाऱ्या बायकांमुळे, गाडीवर ओला-सुका कचरा तपासणाऱ्यांमुळे, कान्ह आणि सरस्वती या नद्यांत पडणारी एकेक मोरी शोधून बंद करणाऱ्या माणसांमुळे. ती सगळी नाल्याजवळच उभी होती. त्यांच्या कामाचा गौरव आपल्या गावाचा, आणि तेच काम आपल्या घरातली मुलगी बघायला गेली की लाज, हे मला मान्य नाही. काका, हे मी रागाने लिहितेय, आणि तुम्ही ते रागानेच वाचलंत तरी चालेल.

याच शहरात शंभरेक वर्षांपूर्वी पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश माणूस आला होता. होळकर दरबारासाठी त्याने इंदूरचा नगररचना अहवाल लिहिला, १९१८ मध्ये तो छापला गेला. प्लेगचे दिवस होते. दिवाळीत त्याने मिरवणूक काढायची ठरवली आणि दरबाराने त्याला एका दिवसापुरता महाराज केलं. जाहीर झालं की जो भाग सगळ्यात स्वच्छ असेल तिथून मिरवणूक जाईल. त्या मिरवणुकीत हत्ती होते, प्लेगच्या उंदराची भलीथोरली प्रतिकृती होती, आणि नव्या पांढऱ्या कपड्यांतले, झेंडूच्या माळा घातलेले सफाई कामगार मानाने चालत होते. गेडिस मूळचा जीवशास्त्राचा अभ्यासक. गल्ल्यांतून पायी फिरायचं, लोक कुठे पाणी भरतात, कुठे बसतात ते बघायचं, जुनं सरसकट पाडण्याऐवजी थोडं मोकळं करून वाचवायचं, ही त्याची रीत. तुमची लेक छत्री घेऊन जे करत होती, त्याची सुरुवात आपल्याच गावात झालेली आहे. शेजाऱ्यांना हे सांगा.

आता तुमचा मोठा गैरसमज. आयएएस, मग निगम आयुक्त, मग शहर सुधारणा, अशी शिडी तुम्ही मनात मांडलीय. तिचा पहिला दांडाच डळमळीत आहे. आयएएसच्या जागा अलीकडे वर्षाला १८०च्या आसपास निघतात, तेवढ्यासाठी सगळा देश बसतो. त्यातून निवड झाली तरी केडर, म्हणजे नोकरीचं राज्य, वाटून मिळतं, मध्य प्रदेशच मिळेल असं कुणी लिहून देत नाही. मिळालं तरी इंदूरची खुर्ची मिळेल असं नाही, आणि मिळाली तरी आयुक्त राज्य सरकार नेमतं आणि तेच बदलतं. दुसरं, निगमात काय आधी करायचं हे एकटा आयुक्त ठरवत नाही. आपल्याकडे महापौर थेट लोकांच्या मतांनी निवडून येतात, त्यांची महापौर परिषद असते, ८५ वॉर्डांचे पार्षद, म्हणजे नगरसेवक, असतात. कलेक्टर तर निगमाचा धनीच नव्हे, घरोघरी हीही गल्लत असते. तिसरं, शहर कुठल्या दिशेला वाढणार, कुठे वस्ती आणि कुठे कारखाने, हे महापौरांच्याही हातात पूर्ण नाही. ती विकास योजना राज्याचा नगर तथा ग्राम निवेश विभाग १९७३ च्या कायद्याखाली करतो. ७४व्या घटनादुरुस्तीच्या बाराव्या अनुसूचीत अठरा विषयांत पहिलं नाव नगर नियोजनाचं आहे, तरी प्रत्यक्षात हे असं आहे. एखादा प्राधान्यक्रम भाषणातून जमिनीत उतरतो तेव्हा मधे सर्वेक्षण, नकाशा, उतार, लोकसंख्येचा अंदाज, प्रकल्प अहवाल, टेंडर आणि देखभालीचा पैसा एवढं सगळं असतं. फाइल आयुक्तांच्या टेबलावर येते तोवर नळी किती इंचाची हे कुणीतरी ठरवून मोकळं झालेलं असतं. तो 'कुणीतरी' चुकला की वरची सही कितीही मोठ्या माणसाची असो, पाणी तुंबतंच. २०१३ मध्ये धूमधडाक्यात सुरू झालेला आपला बीआरटीएस २०२५ मध्ये काढायला घेतला. बारा वर्षांत खुर्च्यांवर किती माणसं बदलली, आठवून बघा. तुमच्या लेकीला ती मधली जागा हवीय. ती जागा कमी प्रतीची आहे असं तुम्हाला का वाटतं, याचं उत्तर पत्रात नाही.

मार्ग सांगते, त्यात अवघड काही नाही. बारावीला गणित आहे, तर जेईई मेनचा बी.प्लॅनिंगचा (शहर नियोजनाच्या पदवीचा) वेगळा पेपर असतो. भोपाळमध्ये एसपीए आणि मॅनिट या दोन्ही सरकारी संस्थांत हा चार वर्षांचा कोर्स आहे. नाही जमलं तर सिव्हिल इंजिनिअरिंग करून पुढे एम.प्लॅन., म्हणजे नियोजनाची पदव्युत्तर पदवी. सरकारी नोकरीच हवी असेल तर एमपीपीएससीतून (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगातून) मुख्य नगरपालिका अधिकारी होता येतं. आणि यूपीएससीचं दार पदवीनंतर उघडंच आहे, बी.प्लॅन केलं म्हणून ते बंद होत नाही.

या क्षेत्राची दुसरी बाजूही तिने ऐकायला हवी, म्हणून हे पत्र तिला वाचायला द्या. सरकारी नगर नियोजकाच्या जागा थोड्या निघतात. बहुतेक जण सल्लागार कंपन्यांत लागतात, सुरुवातीचा पगार सिव्हिल इंजिनिअर मित्राएवढा किंवा कमीच. पहिली दोन-तीन वर्षं दुसऱ्यांनी गोळा केलेले आकडे स्वच्छ करण्यात आणि कंप्यूटरवर नकाशांच्या रेघा ओढण्यात जातील. मनापासून लिहिलेला अहवाल कपाटात पडलेला बघावा लागेल, आणि 'कोणाची घरं?' हा प्रश्न मीटिंगमध्ये विचारला की काहींना तो आवडणार नाही. हे सहन होणार नसेल तर तिने आत्ताच विचार करावा. पण भर पावसात घड्याळ लावून पाणी उतरण्याची वाट बघणाऱ्या मुलीला कंटाळवाण्या कामाची भीती दाखवण्यात फार अर्थ नाही, असं मला वाटतं.

दिल्लीबद्दल एकच सांगते. बारावीनंतर लगेच, स्वतःला नको असताना तिकडे खोलीत बसवलेली मुलं माझ्याकडे परत येतात. तीन वर्षांनी येतात तेव्हा परीक्षाही झालेली नसते आणि आवडही उरलेली नसते. एका मुलाने मला विचारलं होतं, "मॅडम, मला आधी काय आवडायचं, तुम्हाला आठवतं का?" मला आठवत होतं, त्याला नव्हतं. क्लासला आज फोन करून टोकन परत मिळतं का विचारा. नाही मिळालं तरी ते सोडून द्या. त्या रकमेसाठी तीन वर्षं पणाला लावू नका.

तिला समजवा असं तुम्ही लिहिलंत. तिच्याशी मी बोलेनच, पण एक काम तुमच्याकडे. बोर्डाच्या परीक्षेचा अभ्यास जोरात सुरू होण्याआधी एक प्लंबर बोलवा आणि गच्चीचा पाइप ड्रेनेजपासून तोडून अंगणातल्या शोषखड्ड्याकडे वळवून घ्या. नळी कुठून फिरवायची ते तिलाच विचारा, उतार तिच्या वहीत आहे. आणि पुढच्या वेळी कुणी शेजाऱ्याने विचारलं तर त्याला नकाशा दाखवा. बाकीच्या दहांत त्याचं घर असण्याची शक्यता बरीच आहे.

दोन्ही पानं या पत्रासोबत परत पाठवतेय. नकाशावर पेन्सिलीने दोन खुणा केल्या आहेत, तिला सांगा : उत्तर दिशेचा बाण राहिलाय, आणि पाणी कुठल्या तारखेला मोजलं ते लिहिलेलं नाही. दोन्ही घालून नवी प्रत मला पाठवायची.